गच्चीवरचा हवेचा तलाव: गळती कुठली, दोष कोणाचा

हवा भरून उभारायचा पोहण्याचा तलाव तीन जागी दगा देतो: हवा धरणाऱ्या कड्यात, पाणी धरणाऱ्या भिंतीत आणि जमिनीला टेकलेल्या तळात. कड्यातून हवा जाते, भिंतीतून आणि तळातून पाणी जाते. शेवट मात्र तिन्हींचा सारखाच दिसतो, तलाव बसतो. त्यामुळे मे महिन्यात आणलेला तलाव पावसाच्या आत माळ्यावर गेला की घरात ‘माल हलका होता’ एवढाच निकाल लागतो. हा निकाल बऱ्याचदा चुकीचा असतो आणि काही वेळा अगदी बरोबर असतो.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत काय किंवा कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर काय, उन्हाळ्याच्या सुट्टीत दिसणारे हे तलाव मुख्यतः दोन जातींचे असतात. एक लहान मुलांचा टब: एकेरी पीव्हीसीची दोन-तीन फुगीर कडी एकावर एक, पाणी पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. दुसरा मोठा: त्याला फुगीर कडे फक्त माथ्यावर. पाणी चढते तसे कडे वर तरंगते आणि भिंत आपोआप उभी राहते. या भिंतीत पीव्हीसीच्या दोन पडद्यांमध्ये पॉलिएस्टरची जाळी घातलेली असते. धातूच्या नळ्यांचा सांगाडा असलेले तलाव याच्याही पुढचे. त्यांत हवेचा प्रश्न नसतो, बाकीचे सगळे असतात.

आकार वाढला की प्रश्नही वाढतात, आणि ते नुसते आकाराच्या प्रमाणात वाढत नाहीत. भिंतीच्या पायथ्याशी येणारा ताण पाण्याची खोली आणि तलावाचा व्यास यांच्या गुणाकाराने वाढतो. १.२ मीटर व्यासाचा, २५ सेंटिमीटर पाण्याचा टब आणि ३ मीटर व्यासाचा, ६० सेंटिमीटर पाण्याचा तलाव शेजारी ठेवले तर दुसऱ्यातला ताण पहिल्याच्या सहापट भरतो. पाणी पंधरापट होते: टबात सुमारे २८० लिटर, तलावात सुमारे ४,२४० लिटर.

तलाव का टिकत नाही याची दोन उत्तरे दिली जातात. एक प्लास्टिकच्या धंद्यातले आणि दुसरे बांधकामातले. पुढच्या संवादात पहिले उत्तर मामांच्या तोंडी आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रेनकोट आणि फायलींची कव्हरे वेल्ड करणाऱ्या कारखान्यातले हे निवृत्त फोरमन. दुसरे उत्तर त्यांच्या भाचीचे. ती ठाण्यात इमारतींच्या संरचनेची सल्लागार आहे. मामांच्या मते तलाव वापरणाऱ्याच्या हातून फुटतो. भाचीच्या मते तो टिकावा म्हणून केलेलाच नसतो.

मामा : जाळी घालतात ती हौस म्हणून नाही. नुसता पडदा एवढा ताण पेलतच नाही, सैल पडत जातो आणि फाटतो. लहान टबाला जाळी नसते, कारण तो पोरांसाठी असतो. त्यात चार मोठी माणसं बसली आणि कड्यावर रेलली, तर शिवण उसवणार नाही तर काय होणार?

भाची : मामा, कडं रेलण्यासारखंच दिसतं, म्हणून लोक रेलतात. खोक्यावरच्या चित्रात बापही कड्यावर हात टाकून बसलेला असतो. दाखवायचं एक आणि आतल्या कागदावर बारीक अक्षरात सांगायचं दुसरं.

मामा : तो कागद वाचतो कोण?

भाची : कोणी वाचत नाही हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं.

पीव्हीसी मुळात मऊ नसतो. नळाचे कडक पाइप त्याचेच असतात. टबासाठी त्यात प्लास्टिसायझर म्हणजे तेलासारखी रसायने मिसळून तो लवचीक करतात. ही रसायने पीव्हीसीच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती त्यांच्यामध्ये शिरून बसलेली असतात. त्यामुळे उष्णतेने आणि अंगाच्या तेला-साबणाने ती हळूहळू बाहेर येतात. सूर्याची अतिनील किरणे तर साखळ्यांनाच इजा करतात आणि क्लोरीनचा अतिरेक त्यात भर घालतो. पडदा पिवळसर पडतो, कडक होतो आणि जिथे वारंवार घडी पडते तिथे तडकतो. नव्या टबाला येणारा उग्र वास बराचसा याच मिश्रणाचा असतो.

क्लोरीनच्या बाबतीत एक चूक नेहमी घडते. टीसीएलची पावडर थेट पाण्यात टाकली जाते. तिचे न विरघळलेले कण तळाशी बसतात आणि नेमक्या त्या ठिपक्यांवर पडदा पांढरा, कडक होतो. पावडर आधी बादलीत विरघळवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी ओतले तर हे टळते.

मामा : वापर झाला की तलाव झाकायचा. भर उन्हात रिकामा टब तापत ठेवायचा नाही. एवढं केलं तरी एखादा मोसम जास्त निघतो.

भाची : मे महिन्यात ठाण्याच्या गच्चीवर सावली आणायची कुठून? पत्र्याची शेड घातली की आधी सोसायटीचं पत्र येतं आणि मग महापालिकेची नोटीस.

मामा : अगं, नर्सरीवाले लावतात ती हिरवी जाळी बांध. चार बांबू आणि सुतळी. तिला कोण नोटीस देतंय?

कड्यातली हवा कमी झाली म्हणजे भोक पडलेच असे नाही. बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो आणि निवली की उतरतो. सकाळी २७ अंश सेल्सिअसला भरलेली हवा दुपारी ४७ अंशांपर्यंत तापली, तर जागा तेवढीच राहिल्यास तिचा एकूण दाब जवळजवळ सात टक्के वाढतो. वातावरणाच्या दाबाच्या हिशेबाने हे सुमारे सात किलोपास्कल होतात. कड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम काही किलोपास्कलच जास्त असतो. प्रत्यक्षात पडदा ताणतो, शिवाय पाण्याला टेकलेला भाग गार राहतो, म्हणून वाढ एवढी होत नाही. तरीही सकाळी टम्म भरलेल्या कड्याची शिवण दुपारी उसवायला ती पुरते. रात्री याच्या उलट घडते आणि कुठेही भोक नसताना कडे लिबलिबीत होते. नवा पडदा पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा ताणून सैल पडतो, त्याचीही यात भर पडते.

मामा : संध्याकाळी कडं मऊ पडलं की पोरं लगेच ‘पंक्चर, पंक्चर’ करतात आणि वर हवा मारतात. दुसऱ्या दिवशी बारा वाजता शिवण जाते. माझा नियम एकच. रात्री मऊ पडलेलं कडं सकाळच्या उन्हात परत ताठ झालं, तर भोक नाही. उन्हातही मऊच राहिलं, तर शोधायला बसायचं.

भाची : आणि गाडीच्या टायरचा कंप्रेसर लावतात, त्याचं काय?

मामा : त्या माणसाचा तलाव माझ्याकडे आणूच नये. टायरला तीस पौंड हवा लागते, म्हणजे तुमच्या भाषेत दोनशे किलोपास्कल. या कड्याला त्याचा किरकोळ अंश पुरतो. हातपंप किंवा पायपंप घ्यावा, आणि अंगठा दाबला की कडं थोडं आत जावं एवढीच हवा ठेवावी.

हवेची गळती शोधताना सुरुवात व्हॉल्व्हपासून करावी. बुचाच्या आत एक पातळ झडप असते. तिच्याखाली वाळूचा कण किंवा केस अडकला तरी रात्रभरात कडे बसते. बूच लावून ते आत दाबायचेही असते. पुष्कळजण ते बाहेर उभेच ठेवतात, मग त्यावर पाय पडतो आणि बुचाच्या मुळाशी चीर जाते. व्हॉल्व्ह ठीक असेल तर साबणाचे पाणी शिवणींवर लावत जावे, बुडबुडे जागा दाखवतात. वाऱ्याच्या गच्चीवर मात्र साबण लगेच वाळतो, हे काम जिन्याच्या आडोशाला करावे.

पाण्याच्या गळतीचा तपास वेगळ्या पद्धतीने होतो. उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला काही मिलिमीटर वाफेनेच उतरते आणि मुलांच्या उड्यांनी त्याहून जास्त पाणी बाहेर जाते. म्हणून तलावातलेच पाणी बादलीत भरून ती बादली तलावात एखाद्या स्टुलावर ठेवायची आणि दोन्हींकडे पातळीची खूण करायची. एक दिवस कोणी पाण्यात उतरायचे नाही. दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर गळती नाही. तलावाची जास्त उतरली तर आहे. मग पाणी तसेच उतरू द्यावे. ते जिथे थांबते त्या उंचीवर भिंतीत भोक असते. थांबलेच नाही तर भोक तळात. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी ढाळ असतो, त्यामुळे ओल तळाच्या एका कडेला दिसते आणि भोक भलत्याच जागी असते. खाण्याच्या रंगाचे थेंब तळाजवळ अलगद सोडले तर रंगाची रेघ भोकाकडे ओढली जाते. तासभर पाणी पूर्ण स्थिर असेल तरच ही युक्ती चालते.

तळाला भोक पडण्याचे ठाणे-कल्याणकडचे एक मोठे कारण पायाखालीच असते. इथल्या कितीतरी गच्च्यांवर वॉटरप्रूफिंग म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक असते. नवे असताना ते गुळगुळीत लागते. आठ-दहा पावसाळे गेले की सिमेंट झिजते आणि तुकड्यांच्या धारदार कडा वर येतात. ६० सेंटिमीटर पाणी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६०० किलोचा भार देते आणि वर मुले नाचतात. खालच्या मोकळ्या जागेत तलाव मांडला तरी सुटका नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटींत नागरमोथा असतो आणि त्याचा टोकदार कोंब प्लास्टिकचा पडदा भेदून वर येतो.

मामा : म्हणूनच खाली आधी झाडू, मग ताडपत्री, मग फोमची चटई. नुसती ताडपत्री टाकून भागत नाही, तिच्यातूनही टाइलची धार लागते. जुनी सतरंजी घालू नये, ती भिजून कुजते आणि वास मारते.

भाची : म्हणजे तलाव जेवढ्याचा, जवळजवळ तेवढ्याचंच अंथरूण.

मामा : मग? गादीशिवाय कोणी पलंग घेतो का?

भाची : पलंग विकणारा गादी वेगळी लागेल हे तोंडावर सांगतो, मामा. आणि ढाळाचं काय? शंभरात एक ढाळ धरला तरी तीन मीटरच्या तलावात एका बाजूला पाणी तीन सेंटिमीटर जास्त चढतं. वर नुसतं हवेचं कडं असलेली भिंत त्या बाजूला पोट काढते. एखादं पोर तिकडं रेललं की कडं खाली दबतं आणि पाण्याचा लोंढा बाहेर.

मामा : हे खरंय. ढाळावर मोठा तलाव मांडूच नये. खाली फळ्या लावून सपाटी आणणं हाही वेडेपणा, फळी सरकते.

इथपर्यंत वादाचे पारडे मामांकडे झुकते. जमीन, ऊन, जादा हवा, बुचावर पडलेला पाय, हे सगळे वापरणाऱ्याच्या पदरात टाकता येते. शिवणीचा प्रश्न आला की चित्र पालटते.

या तलावांच्या शिवणी दोऱ्याने घातलेल्या नसतात, त्या उच्च वारंवारतेच्या विद्युत क्षेत्राने वेल्ड केलेल्या असतात. अशी यंत्रे बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतात. पितळी साच्याखाली दोन पडदे दाबून धरतात. बदलत्या क्षेत्रामुळे पीव्हीसीचे रेणू हेलकावे खातात, पडदे आतून तापतात आणि एकजीव होतात. रेनकोटची शिवणही अशीच बनते. वेळ, दाब आणि वीज या तिन्हींचे गणित जमले तर जोड पडद्याइतकाच मजबूत होतो. ते चुकले तर दोष दोन तऱ्हांनी दिसतो.

मामा : कमी तापलेला जोड असेल तर दोन पडदे अख्खेच्या अख्खे एकमेकांपासून सुटतात, फाटलेलं काही दिसत नाही. जास्त तापला असेल तर जोड पक्का राहतो, पण साच्याच्या कडेला पडदा दबून पातळ झालेला असतो आणि तिथं सरळ रेघेत चीर जाते. आमच्याकडे दर पाळीला नमुने हातानं ओढून बघायचो. जोड सुटला की यंत्र थांबवायचं आणि मागचा सगळा माल बाजूला काढायचा.

भाची : आणि तो बाजूला काढलेला माल?

मामा : चांगल्या कारखान्यात परत तपासला जायचा.

भाची : वाईट कारखान्यात?

मामा : तो घोडबंदर रोडला तुझ्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर येतो, असं म्हण.

म्हणजे गळती कुठे आणि कोणत्या आकाराची, यावरून दोष कोणाचा हे बऱ्याच अंशी ठरवता येते. तळातले टोचल्यासारखे भोक जमिनीचे. घडीच्या रेघेवरची तडक उन्हाची किंवा साठवणीची. पहिल्याच मोसमात शिवणीच्या कडेने गेलेली सरळ चीर किंवा स्वच्छ सुटलेला जोड कारखान्याचा, मात्र कड्यात हवा बेताची होती हे आधी पाहावे. बुचाच्या मुळाशी गेलेली चीर दोन्हीकडे जाऊ शकते. असा जोड सुटलेला आढळला तर लगेच ठिगळ मारू नये. आधी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढावेत आणि बिल जपावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी ठाण्यात. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही दाद मागता येते. ठिगळ मारून झाल्यावर मूळ दोष दाखवणे फार अवघड जाते.

भाची : वापरणाऱ्याला दिसणारच नाही असाही दोष असतो. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये तीन कंपन्यांचे मिळून पन्नास लाखांच्या आसपास तलाव रिकॉलमध्ये निघाले. चार फूट आणि त्याहून उंच, सांगाड्याचे. पाय जागेवर धरायला बाहेरून जो पट्टा असतो, त्यावर पाय ठेवून लहान पोरं वर चढत होती. २००७ ते २०२२ या काळात नऊ मुलं बुडाली. ते तलाव गळत नव्हते, मजबूतच होते.

मामा : याला माझ्याकडे उत्तर नाही. तो पट्टा माणसानं चुकीचा वापरला असं कसं म्हणणार!

दुरुस्तीबाबत बाजारात जितके गोंद तितकी मते आहेत, आणि बहुतेक चुका कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानातून सुरू होतात. सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन रबरासाठी असते. मऊ पीव्हीसीवर ते काही दिवस धरते, मग पडद्यातला प्लास्टिसायझर पृष्ठभागावर येतो आणि ठिगळ कडेने सुटते. नळाच्या पाइपाचे सॉल्व्हेंट सिमेंट पीव्हीसी विरघळवते हे खरे, पण पातळ पडदा त्याने सुरकुततो आणि वाळलेला थर कडक असल्यामुळे त्याच्या काठाने नवी चीर जाते. फेविक्विकसारखा झटपट गोंद वाळला की ठिसूळ होतो आणि पडदा वाकला की तडकतो. एम-सीलसारखी लांबी तर वाकतच नाही. चालतो तो मऊ पीव्हीसीसाठीचाच विनाइल गोंद, आणि ठिगळही पीव्हीसीचेच. तलावाच्या खोक्यात बहुधा एक छोटा तुकडा ठेवलेला असतो आणि तोच खोक्याबरोबर कचऱ्यात जातो.

मामा : ठिगळ गोल कापायचं. चौकोनी कापलं की कोपऱ्यातून उचकटतं. भोकाच्या चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवायचं. जागा स्पिरिटनं पुसायची, दोन्हीकडे पातळ गोंद लावायचा, वर वजन ठेवायचं आणि एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. लोकांना तासाभरात पोरं पाण्यात सोडायची असतात.

भाची : आतून लावायचं की बाहेरून?

मामा : शहाणा प्रश्न! तळाला आणि भिंतीला आतून लावायचं, म्हणजे पाणीच ठिगळ दाबून धरतं. बाहेरून लावलं तर पाणी त्याला ढकलत राहतं. कड्याला मात्र आतून लावता येत नाही, तिथं हवा कायम ठिगळ उचलायला बघते. म्हणून कड्याचं ठिगळ मोठं घ्यायचं आणि लावताना कडं पूर्ण रिकामं ठेवायचं. हवा भरलेल्या कड्यावर लावलेलं ठिगळ टिकलेलं मी पाहिलं नाही.

भाची : शिवणीवर?

मामा : शिवणीवर ठिगळ म्हणजे समाधान. खाली उंचवटा असतो, तुकडा सपाट बसत नाही. शिवण परत वेल्ड करायची तर साचा लागतो, आणि एका टबासाठी यंत्र कोण लावणार? इथं मी तुझ्या बाजूनं बोलतो. शिवण गेली की तलाव संपला.

मामांची ही कबुली महत्त्वाची आहे, कारण मजबुतीचा सगळा भार ज्या जागेवर आहे तीच दुरुस्त होत नाही. पडदा जाड आहे का, जाळी आहे का, हे दुकानात विचारले जाते. शिवणीवर बोट फिरवून ती सगळीकडे सारख्या रुंदीची आहे का, कुठे बुडबुडे किंवा जळल्यासारखे डाग आहेत का, हे फार थोडे लोक पाहतात. खोके उघडू न देणाऱ्या दुकानात तो मार्गही बंद असतो.

यापुढचा मुद्दा भाचीच्या धंद्याचा, आणि तिच्या मते तलावाच्या टिकाऊपणापेक्षा मोठा.

भाची : तलाव फुटला तर तलाव गेला. स्लॅबला काही झालं तर? भारतीय मानक ८७५ चा दुसरा भाग १९८७ चा आहे. त्यात लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला दीड किलोन्यूटन भार धरतात. म्हणजे ढोबळ दीडशे किलो, म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाणी. साठ सेंटिमीटरचा तलाव त्याच्या चौपट होतो.

मामा : पण बांधणारे जास्तीचं धरून बांधतातच की.

भाची : धरतात, पण ते सिमेंट-वाळूतल्या उणिवांसाठी, गंजणाऱ्या सळ्यांसाठी. पोहण्यासाठी नाही. शिवाय जुन्या गच्चीवर दर दहा वर्षांनी कोब्यावर कोबा चढलेला असतो, म्हणजे त्यातला वाटा आधीच खाल्लेला. खाडीजवळच्या दमट हवेत सळ्या गंजतात त्या वेगळ्या.

मामा : गॅलरीत ठेवला तर?

भाची : घरांच्या गॅलरीला मानक तीन किलोन्यूटन धरतं, गच्चीच्या दुप्पट. म्हणून लोकांना वाटतं चालेल. पण बऱ्याच गॅलऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या असतात. त्यांची मुख्य सळी वरच्या बाजूला असते आणि ती गंजली तर खालून काही कळत नाही. तिथं पाण्याचा टब नकोच.

या हिशेबातली सोयीची गोष्ट अशी की चौरस मीटरवरचा भार तलावाच्या रुंदीवर नव्हे, पाण्याच्या उंचीवर ठरतो. दहा सेंटिमीटर पाण्याचा रुंद टब खोल टबापेक्षा स्लॅबला हलका जातो. अर्थात एकूण भार तुळयांवर येतोच. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात आणि तीस वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. त्या यादीतल्या किंवा परीक्षण न झालेल्या इमारतीच्या गच्चीवर चार टन पाणी उभे करणे हा वादाचा विषयच नाही. पोडियमवरही आधी संरचना सल्लागाराला विचारावे, कारण त्याची रचना कोणत्या भारासाठी झाली हे सभासदांना ठाऊक नसते.

गळका तलाव आणि गळकी गच्ची यांची गाठ आणखी एका जागी पडते. तलावातून सतत झिरपणारे पाणी जुन्या वॉटरप्रूफिंगमधून वरच्या मजल्याच्या छतात उतरते, आणि मे महिन्यात छताला ओल आली की पहिला संशय पाण्याच्या टाकीवर जातो. टाकी दुरुस्त होते, ओल राहते. तलाव रिकामा करून आठवडाभर वाट पाहिली असती तर खर्च वाचला असता.

पाऊस सुरू झाला की तलाव आवरलाच पाहिजे. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडणे इथे नवलाचे नाही, आणि तेवढ्याने तलावात दहा सेंटिमीटर पाणी वाढते. अर्धवट भरलेल्या टबात आठवडाभरात डेंग्यूचे डासही तयार होतात. आवरण्याची खरी कसोटी मात्र वाळवण्यात आहे. ओला तलाव घडी घालून माळ्यावर टाकला की त्यावर बुरशी येते आणि पडदे एकमेकांना चिकटतात. दोन्ही बाजू पुसून, उन्हात न तापवता वाऱ्यावर वाळवून, टाल्कम पावडर मारून, घट्ट घडीऐवजी सैल गुंडाळून, उंदीर शिरणार नाही अशा डब्यात तो ठेवावा. चिंचोळ्या घरात असा डबा ठेवायला जागा नसते, हेही तितकेच खरे.

काही सोसायट्यांत तलाव भाद्रपदात पुन्हा बाहेर निघतो. ठाण्यात विसर्जनासाठी कृत्रिम तलावांची प्रथा रुळलेली आहे. २०२० मध्ये कोविडच्या काळात घरच्या घरी किंवा कृत्रिम तलावात विसर्जन करण्याचे आवाहन राज्य सरकारने केले होते. तेव्हापासून मुलांचा टब हाही पर्याय लोकांच्या डोळ्यांपुढे आला. मामांचा याला विरोध नाही, फक्त पाटाचे कोपरे आणि मूर्तीतली काडी-तार यांपासून तळाला जपायला ते सांगतात. शाडूचा गाळ खरवडून काढण्यापेक्षा पाण्याच्या धारेने ढकलावा, कारण फावड्याची एक ओढ तळाला पुरते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती साध्या पाण्यात विरघळतच नाही, तेव्हा तिच्यासाठी टब मांडण्यात अर्थ नाही.

पाण्याचा हिशेब मात्र दोघांनाही गप्प करतो. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. तीन मीटरचा तलाव एकदा भरायला लागणारे ४,२४० लिटर म्हणजे चौघांच्या घराचे जवळजवळ आठ दिवसांचे पाणी. गाळणयंत्र नसलेल्या टबाचे पाणी रोज बदलावे लागते, आणि हा खर्च त्या दिवसांत होतो जेव्हा उल्हास, बारवी आणि भातसा यांच्या भरवशावरच्या या शहरांत पाणीकपातीच्या बातम्या येत असतात. टँकरचे कठीण पाणी भरले तर पडद्यावर क्षारांचा खडबडीत थर बसतो, आणि तो घासून काढताना पडदा झिजतो. पोहायला शिकायचे असेल तर ठाण्याचा मारोतराव शिंदे तरणतलाव किंवा डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलातला तलाव हाच मार्ग. टबात पाणी खेळता येते, पोहता येत नाही. तरी वीस सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून टबाशेजारी मोठ्या माणसाने बसलेच पाहिजे.

शेवटी उरतो तो संपलेला तलाव. जाळीचा पडदा भंगारवाला सहसा घेत नाही, कारण पीव्हीसी आणि पॉलिएस्टर वेगळे करणे त्याला परवडत नाही. तो जाळूही नये, पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो.

मामा : मी त्याचे गोल तुकडे कापून ठेवतो. पुढच्या तलावाला ठिगळं.

भाची : जुन्या पडद्यातला मऊपणा गेलेला असतो, असं तुम्हीच म्हणालात की.

मामा : कड्याचा गेलेला असतो, तळाचा नाही. तळ पाण्याखाली असतो, त्याला ऊन कमी लागतं. तुकडा कापायच्या आधी तो भाग दुमडून नखानं दाबायचा. घडीवर पांढरी रेघ राहिली तर तो भाग सोडायचा, नाही राहिली तर घ्यायचा.

भाची : आणि उरलेलं?

मामा : पुढच्या तलावाखाली ताडपत्रीसारखं घालायचं. चायना मोझॅकच्या बाजूनं जुना तळ, वर फोम.